नुसती जमीन की जमिनीबरोबर शब्दही?

तोंडवली-तळाशीलच्या खातेदारांनो आणि मुंबईच्या चाकरमान्यांनो,

"जमिनीच्या व्यवहाराला ग्राहक कायदा लागत नाही. जायचं तर दिवाणी कोर्टात जा!" पैसे देऊन झाले, प्लॉटात गवत माजलं, की हे वाक्य कानावर येतं. ऐकवणारा हुशार असतो. तो अर्धंच खरं सांगतो.

शेजाऱ्याने शेजाऱ्याला दहा गुंठे विकले, रस्ता-पाण्याचं काही कबूल केलं नाही, तर तो ग्राहक आयोगाचा विषय नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये गणेशलाल विरुद्ध श्याम या प्रकरणात तसं सांगितलं आहे. पण 'सी-टच प्लॉट'चं रंगीत पत्रक उघडून बघा: अंतर्गत रस्ता, नळ, वीज, कुंपण, बिनशेती करून देऊ. एवढं कबूल करून प्लॉट पाडणारा जमिनीबरोबर सेवा विकतो, आणि घेणारा ग्राहक ठरतो. २०१२ चा नार्ने कन्स्ट्रक्शनचा निकाल हेच म्हणतो. बांधलेल्या घराचं तर १९९३ पासूनच ठरलेलं आहे.

त्यातही आपल्या किनाऱ्याची गोष्ट वेगळी. सुरूच्या बनापलीकडे घर उभं राहील की नाही, हे सीआरझेडचा (किनारी नियमन क्षेत्राचा) नकाशा ठरवतो. विकासकाला ते ठाऊक असतं, पत्रकात मात्र फक्त सूर्यास्त छापलेला असतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं हीसुद्धा सेवेतली त्रुटीच आहे.

आता गावातल्या माणसाबद्दल. वडिलोपार्जित जागा बिल्डरला द्यायची, बदल्यात दोन फ्लॅट घ्यायचे, असा करार झाला की आपण स्वतःला 'पार्टनर' समजू लागतो. फ्लॅट रखडले की म्हणतो, "आता कोणाक सांगतलास?" आयोगाला सांगा. फकीरचंद गुलाटी विरुद्ध उप्पल एजन्सीज या २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा जागामालकाला ग्राहक मानलं आहे. करारावर 'संयुक्त उपक्रम' लिहिलं म्हणून तो आपोआप भागीदार होत नाही. नफ्या-तोट्यात वाटा आहे का, कारभारात त्याचा शब्द चालतो का, हे बघितलं जातं. आपल्याकडे कोणाचा चालतो?

धंद्यासाठी घेणारा ग्राहक नसतो, हे मात्र खरं. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी दोन खोल्यांचं न्याहारी-निवास काढणाऱ्याला कायदा ग्राहकच मानतो.

सी-वर्ल्ड प्रकल्पाच्या वेळी तोंडवली-वायंगणीने सरकारला खडे सवाल केले. मग गाडीतून उतरलेल्या एजंटाला सातबाऱ्यावरची सामाईक नावं, इतर हक्क, जायची वाट एवढंही विचारायला आपली जीभ का अडते? रेरा (स्थावर संपदा कायदा) नोंदणीचा नंबर मागायला कसली लाज? ५०० चौरस मीटर म्हणजे जेमतेम पाच गुंठे. त्यावर क्षेत्र गेलं की प्लॉट पाडून विकण्याआधी महारेराकडे नोंदणी लागते. नोंदणीकृत करार केल्याशिवाय अशा प्रकल्पात दहा टक्क्यांवर रक्कम घेता येत नाही. नोटरी केलेल्या कागदावर निम्मे पैसे मोजणं बंद करा. रेरा आहे म्हणून ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हेही २०२० मध्ये इम्पेरिया स्ट्रक्चर्सच्या निकालाने पक्कं झालं आहे.

मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. चाकरमान्यांना ओरोसलाच यावं लागतं असंही नाही. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगातही दाद मागता येते.

मुदत दोन वर्षांची. "शिमग्यानंतर बघू", "गणपती झाले की रस्ता सुरू करतो" असं म्हणत तीच खाल्ली जाते. पुढच्या वेळी असं उत्तर आलं की त्याच दिवशी रजिस्टर्ड पत्र टाका, पावती जपा आणि रंगीत पत्रक रद्दीत घालू नका. तक्रारीला पुरावा म्हणून तेच जोडायचं आहे.

— एक खातेदार, तोंडवली