‘४के रीमास्टर्ड’ जुना सुपरमॅन: चित्र खरंच सुधारतं का?

जुलै २०२५ मध्ये जेम्स गनचा ‘सुपरमॅन’ थिएटरमध्ये आला. नवा सिनेमा आला की आपण जुने शोधतो. यूट्यूबवर नुसतं ‘सुपरमॅन कार्टून’ टाकलंत तर १९४१ ते १९४३ मधली कार्टून्स समोर येतात आणि त्यातल्या बऱ्याच व्हिडिओंवर ‘४के’, ‘६० एफपीएस’, ‘एआय रीमास्टर्ड’ असे शिक्के असतात. आकडा मोठा म्हणजे चित्र चांगलं, असं आपण धरून चालतो. माझं मत वेगळं आहे, आणि ते का ते सांगतो.

आधी थोडी ओळख. ही एकूण १७ कार्टून्स. पहिली ९ मॅक्स आणि डेव्ह फ्लायशर या भावांच्या स्टुडिओने केली, उरलेली ८ फेमस स्टुडिओजने. कॉमिकमधला सुपरमॅन सुरुवातीला फक्त लांब उड्या मारायचा. त्याला पडद्यावर सरळ उडवलं ते या मालिकेने. पुढे १९९२ च्या ‘बॅटमॅन: द ॲनिमेटेड सिरीज’वर तिचा ठसा उमटला.

एकाच कार्टूनच्या इतक्या प्रती का?

तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात कॉपीराइट २८ वर्षांचा असायचा आणि नंतर तो नूतनीकरण करावा लागायचा. या कार्टून्सचं नूतनीकरण झालंच नाही. त्यामुळे १९७० च्या आसपास ती पब्लिक डोमेनमध्ये गेली. आता कोणीही ती अपलोड करू शकतं. पण लक्षात घ्या, मोकळी झाली ती ही कार्टून्स. सुपरमॅन हे पात्र १९३८ चं आहे आणि अमेरिकेत त्याचा पहिला अंक २०३४ मध्ये मोकळा होईल. ट्रेडमार्क तर वेगळाच. म्हणजे जुनं कार्टून शेअर करणं एक आणि सुपरमॅनची स्वतःची नवी गोष्ट बनवून विकणं दुसरं.

अडचण अशी की फिरणाऱ्या बऱ्याच प्रती झिजलेल्या फिल्मवरून किंवा जुन्या व्हिडिओ टेपवरून काढलेल्या आहेत. मग त्यांच्यावर एआय चालवलं जातं.

एआय नेमकं काय करतं?

१) पिक्सेल वाढवणं. ६४० × ४८० च्या फ्रेममध्ये साधारण ३ लाख पिक्सेल असतात. तेच चौकोनी चित्र ४के उंचीला नेलं की ६२ लाख होतात. म्हणजे दर २० पिक्सेलपैकी १९ अंदाजाने भरलेले. एआयने लाखो फोटो पाहिलेले असतात, त्यावरून ते ‘इथे बहुतेक असं असेल’ असं ठरवतं. गर्दीतला लहान चेहरा यात हमखास विचित्र होतो.

खरं रीस्टोरेशन वेगळं. त्यात मूळ ३५ मिमी फिल्म नव्याने स्कॅन करतात. फिल्मवर तपशील आधीच असतो, तो फक्त बाहेर काढायचा. रिचर्ड डॉनरचा १९७८ चा ‘सुपरमॅन’ २०१८ मध्ये ४के डिस्कवर आला तो याच वाटेने.

२) फ्रेम वाढवणं. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा. कार्टूनमध्ये बरेचदा एक चित्र दोन फ्रेम टिकतं, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. ते ६० एफपीएस करायचं तर सेकंदाला किमान ३६ फ्रेम नव्या घालाव्या लागतात. ॲनिमेटरने ठोसा बसायच्या आधी मुद्दाम एक क्षण थांबवलेला असतो. एआय तो क्षण भरून टाकतं आणि ठोसा लोण्यात बसल्यासारखा वाटतो.

३) ग्रेन काढणं. फिल्मवरचे बारीक कण म्हणजे घाण नव्हे, ती फिल्मची पोतच. सॉफ्टवेअर शेजारच्या फ्रेम्सची सरासरी काढून ते पुसतं, पण त्याच्याबरोबर चित्राची नाजूक रेषाही जाते. वॉर्नरने २०२३ मध्ये या मालिकेची अधिकृत ब्ल्यू-रे काढली, तेव्हा जाणकार चाहत्यांची तक्रार हीच होती: चित्र फार गुळगुळीत केलंय.

‘द मेकॅनिकल मॉन्स्टर्स’ (१९४१) च्या दोन प्रती मी शेजारी ठेवून पाहिल्या. एक साधी, थोडी खरचटलेली. दुसरी ६० एफपीएसवाली. साध्या प्रतीत यंत्रमानव जड वाटतात, पाय आपटला की वजन कळतं. दुसरीत तेच यंत्रमानव तरंगतात. रंग झकास, पण भीती गेली.

आता हे का महत्त्वाचं?

कारण आता हा निर्णय प्लॅटफॉर्मही घेऊ लागलेत. यूट्यूबने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं की कमी रिझोल्यूशनचे व्हिडिओ एआयने आपोआप वाढवले जातील. मूळ फाइल राहील आणि प्रेक्षकाला मूळ दर्जा निवडता येईल, हे चांगलंच. पण सेटिंगमध्ये जाऊन मूळ निवडणारे किती? बहुतेकांना जे आधी दिसेल तेच ‘जुनं कार्टून’ वाटणार. उद्या नवं एआय याच सुधारलेल्या व्हिडिओंवर शिकलं, तर अंदाजावर अंदाज चढत जाईल.

मी एआयच्या विरोधात नाही. ओरखडे काढायला, उडालेला रंग जुळवायला ते उत्तम आहे. फक्त नक्कल आणि मूळ यांतला फरक लेबलवर स्पष्ट लिहिलेला असावा.

मग पाहायचं कसं?

• शीर्षकात ‘६० एफपीएस’ असेल तर ती प्रत सोडा. २४ एफपीएसवाली शोधा.
• वर्णनात ‘फिल्मवरून स्कॅन’ लिहिलंय की ‘एआय अपस्केल’, ते वाचा. इंटरनेट आर्काइव्हवरही प्रती मिळतात, दोन-तीन ताडून पाहा.
• दोन बोटांनी चित्र ताणून स्क्रीन भरू नका. ४:३ चं चित्र २०:९ च्या फोनवर भरलं की वर-खालचं मिळून ४० टक्के कापलं जातं. बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या.
• फोनमध्ये व्हिडिओ एन्हान्सर किंवा टीव्हीवर मोशन स्मूदिंग असेल तर तेवढ्यापुरतं बंद करा. टॉम क्रूझने २०१८ मध्ये खास व्हिडिओ करून हेच सांगितलं होतं.

एक कार्टून साधारण दहा मिनिटांचं. आज रात्री रील्समधून तेवढा वेळ काढा आणि ‘द मेकॅनिकल मॉन्स्टर्स’ ओरखड्यांसकट बघा. ८० वर्षांपूर्वी कोणीतरी हाताने काढलेली रेष त्यात अजून हलताना दिसते.