मोट म्हणजे काय हो, बाई?

दिवाळीत भाची आली होती. एका कॉलेजात मराठी शिकवते. आली ती लॅपटॉप घेऊनच. फराळाचं ताट पुढ्यात आणि ही आकडे भरतेय. म्हटलं, "अगं, सुट्टीत कसले पेपर तपासतेस?" तर म्हणाली, "पेपर नाहीत मावशी, अटेनमेंट काढतेय."

मी मास्तरीण होते खरी, पण शाळेतली. मला हे सगळं नवीन. तिने समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. विभागाने प्रत्येक पेपराची चार-पाच उद्दिष्टं लिहायची. मग हा पेपर झाल्यावर विद्यार्थ्याला काय काय करता येईल ते ठरवायचं, आणि पूर्ण पदवीअंती काय यायला हवं त्याच्याशी १, २, ३ असे आकडे घालून ते जोडायचं. परीक्षेचे गुण आले की ठरलेल्या रेषेच्या वर किती मुलं गेली ते मोजायचं. त्यांच्याकडे सत्तर टक्के गेली तर ३, साठ टक्के गेली तर २. शेवटी एक सरासरी येते. 'नॅक'ची मंडळी आली की ही फाईल पुढे ठेवायची.

उद्दिष्टं लिहिताना 'समजणे' हे क्रियापद चालत नाही म्हणे, कारण ते मोजता येत नाही. भाचीने 'कवितेचा आस्वाद घेता येणे' असं लिहिलं होतं, ते खोडून आलं. आता तिथे 'कवितांचे वर्गीकरण करता येणे' आहे. मी हसले, पण ती हसली नाही.

मध्ययुगीन मराठीच्या पेपराचा आकडा खाली आला, म्हणून वरून सूचना आली की पुढच्या वर्षी रेषाच थोडी खाली घ्या. घेतली. आकडा वर आला. मुलं होती तिथेच आहेत!

आता मी जुन्या काळाचे गोडवे गाणार असं वाटलं असेल, तर तसं नाही. मी १९७१ साली बी.ए. झाले. तेव्हा विभागाचं मूल्यमापन ही भानगडच नव्हती. एक सर पिवळ्या पडलेल्या वहीतून वर्षभर नोट्स सांगायचे आणि त्यांना विचारणारं कोणी नव्हतं. निकाल पेपरात छापून आला की आमचा आणि विभागाचा संबंध संपला. नॅक स्थापन झाली ती १९९४ साली. त्यामुळे निदान आपण काय शिकवतो हे विभागांना कागदावर मांडावं लागलं. मला ते वाईट वाटत नाही. पण मुलगी काय शिकून बाहेर पडली, हे ज्यांनी शिकवलं आणि गुण दिले त्यांनाच पुन्हा विचारलं जातं.

कॉलेजातून बाहेर पडलेली ही मुलं जातात कुठे? त्यातली बरीच आमच्याकडे यायची. शाळेत बी.एड.चे पाठ घ्यायला. मागच्या बाकावर बसून मी असे किती पाठ पाहिले असतील!

एका वर्षीच्या दोघी अजून डोळ्यासमोर आहेत. दोघींचं बी.ए. मराठीतच आणि दोघींना सेकंड क्लास. आठवीच्या दोन तुकड्यांवर एकच कविता शिकवायची होती, शेतकऱ्याच्या जीवनावरची. पहिलीने रसग्रहणाचे मुद्दे फळ्यावर सुरेख लिहिले. एका पोराने विचारलं, "बाई, मोट म्हणजे मोटर का?" ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "ते परीक्षेला नाहीये." दुसऱ्या तुकडीतही तोच प्रश्न आला (आमची पोरं चौकस होती बरं का). ही दुसरी म्हणाली, "मलाही नीट माहीत नाही, उद्या सांगते." दुसऱ्या दिवशी ती शाळेच्या शिपाईमामांनाच वर्गात घेऊन आली. लहानपणी त्यांनी स्वतः मोट हाकलेली. विहिरीत उतरणारी चामड्याची मोट, उताराच्या धावेवरून जाणारे बैल, पाणी पाटात पडल्याचा आवाज... मामा बोलत होते आणि वर्ग चिडीचूप. तासाची घंटा झालेली कोणाला कळली नाही.

या दोघींमधला फरक कुठल्या तक्त्यात येणार? आणि तो फरक तर अख्ख्या पदवीचा आहे. माझी नोकरी २००८ साली संपली. तोवर एकाही विद्यापीठाच्या विभागाने आम्हा शाळावाल्यांना विचारलं नाही की आमची मुलगी तुमच्याकडे कशी वागली, कुठे अडली.

भाची म्हणते, आता तो फॉर्म आहे. नोकरी देणाऱ्यांचा अभिप्राय, माजी विद्यार्थ्यांचा अभिप्राय, सगळं मागवतात. मुख्याध्यापिका असलेल्या मैत्रिणीकडे मी तो पाहिला. पाच प्रश्न, पुढे उत्तम, चांगले, बरे. ती सगळीकडे 'उत्तम' वर खूण करते, कारण 'बरे' लिहिलं तर उगाच फोन येतो!

मला विचाराल तर विभागाने दर वर्षी तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या पाच जणांना बोलवावं. कोणी बँकेत असेल, कोणी शाळेत, कोणी घरीच. त्यांच्यापुढे न शिकवलेलं एक पान ठेवावं आणि तासभर गप्पा माराव्यात. जवळच्या शाळेतला एखादा शिक्षक, एखादा वार्ताहर सोबत बसवावा. काय विसरलं, काय कामी आलं, कुठे लाज वाटली ते ऐकावं. खर्च चहाचा. नवीन धोरणात मुलांना प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी पाठवायचं आहे, तिथेही असं बोलता येईल. फक्त तिथूनही सगळ्यांना सारखेच गुण येऊ लागले नाहीत म्हणजे मिळवली.

"कल्पना छान आहे मावशी," भाची म्हणाली, "पण पुरावा काय लावू? जिओटॅग केलेला फोटो लागतो." म्हटलं, लाव की चहाच्या कपांचा.

ती गेली. परवा फोन आला. तीन वर्षांपूर्वीच्या दोन मुली शोधून काढल्यात आणि येत्या रविवारी त्यांना घरी जेवायला बोलावलंय. फाईलच्या कुठल्या रकान्यात हे बसवायचं ते अजून तिला सापडलेलं नाही.