लेबलाचं वजन

चादर विकणारा माणूस चादर सुताच्या काट्यावर ठेवताना मी पहिल्यांदाच पाहिला. अक्कलकोट रोड एमआयडीसीत ओळखीच्या एका कारखान्यात बसलो होतो. पलीकडे लूमची खडखड, त्यामुळे बोलायचं ते ओरडूनच. अण्णांनी दोन चादरी घडी करून काट्यावर टाकल्या. तीन किलो दोनशे ग्रॅम. शेजारी त्यांची मुलगी मोबाइलवर कुरिअरचे दर बघत होती. न्यू जर्सीची ऑर्डर आली होती. तिने आकडा दाखवला. दोन्ही चादरींच्या किमतीपेक्षा भाडं जास्त.

अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हंजे चादर फुकट द्यायची आणि गाडीभाडं विकायचं, असा धंदा हाय हा!"

"काका, तुम्हीच सांगा नान्नांना," मुलगी म्हणाली. या घरात बापलेकीचं बोलणं तेलुगूत आणि गिऱ्हाइकाशी मराठीत. सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी असंच. मला सांगायचं होतं बरंच, पण तेव्हा चहा आला आणि विषय राहिला. तो आज इथे पुरा करतो. छोट्या ऑनलाइन विक्रेत्याने परदेशात माल पाठवावा का?

सोलापूरला परदेश नवा नाही. याच एमआयडीसीतले टेरी टॉवेल कंटेनर भरभरून न्हावाशेव्याला जातात. फरक एवढाच, की पुष्कळदा ते जातात दुसऱ्याच्या नावाने. मागणी मुंबईच्या व्यापाऱ्याकडून येते, लेबल तिकडच्या दुकानाचं नाहीतर हॉटेलाचं लागतं, आणि टॉवेल बंदर ओलांडतो तेव्हा त्याचं गाव पुसलेलं असतं. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे खरं, पण ते आपल्या देशापुरतं. आणि देशातल्या देशात तरी काय? पानिपतची चादर 'सोलापुरी' म्हणून विकली जाते, हे आपण सगळेच जाणतो. तेव्हा या मुलीचं तीन किलोचं पार्सल धंदा म्हणून किरकोळ असेल, पण ते सोलापूरच्या नावानिशी जाणार होतं. म्हणून माझं उत्तर 'पाठवावं' असंच आहे. पण काय पाठवावं, हे आधी काट्याला विचारावं.

लोक घाबरतात ते कागदांना. खरं तर कागद आता तितकेसे जड राहिलेले नाहीत. आयात-निर्यात कोड पॅनवरच निघतो, घरबसल्या. जीएसटीचं हमीपत्र ऑनलाइन भरलं की निर्यातीच्या मालावर कर न भरता माल पाठवता येतो. टपाल खात्याने डाकघर निर्यात केंद्रं सुरू केली आहेत, तिथे पोस्टाचं निर्यात बिल संगणकावर भरून होतं. मालाचा एचएसएन क्रमांक तेवढा नीट लिहावा. टेरी टॉवेल 6302 60 मध्ये येतो, सुती ब्लँकेट 6301 30 मध्ये. एवढं एकदा जमलं की पुढच्या पार्सलला नुसतं जुनं बघून भरायचं.

अडतं ते वेगळ्याच तीन ठिकाणी. पहिलं, हवेचं वजन. खासगी कुरिअर खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणतो, 5000 ने भागतो, आणि हे वजन खऱ्या वजनाहून जास्त भरलं तर त्याचेच पैसे घेतो. 75 बाय 150 सेंटिमीटरचा 450 जीएसएमचा टॉवेल साधारण पाचशे ग्रॅमचा. सहा टॉवेल म्हणजे तीन किलो. पण टेरी फुगीर. 40 बाय 30 बाय 20 च्या खोक्यात भरले, तर हिशोब होतो 4.8 किलोचा. म्हणजे पावणेदोन किलो हवा आपण विमानाने पाठवतो. तेच टॉवेल हवा काढलेल्या पिशवीत दाबून खोकं 12 सेंटिमीटर उंचीचं केलं, तर 2.88, आणि मग खऱ्या तीन किलोचेच पैसे लागतात. टॉवेलवाल्याला सूत, साइझिंग, मजुरी यांचा हिशोब तोंडपाठ असतो. हवेचा हिशोब त्याने कधी केलेला नसतो.

दुसरं, पलीकडच्या दारातला कर. हा मी स्वतः भोगला आहे. बहीण लंडनला असते. तिला दोन चादरी आणि चार टॉवेल पाठवले, फॉर्मवर 'भेट' लिहिलं आणि किंमत खरी लिहिली. ब्रिटनमध्ये 39 पौंडांपर्यंतच्या भेटीलाच व्हॅट माफ असतो, हे मला कुठे माहीत! वर 20 टक्के व्हॅट आणि कुरिअरची हाताळणी असे पैसे भरून तिने पार्सल सोडवून घेतलं आणि फोन केला, "दादा, पुढच्या वेळी चादर नको पाठवूस, तूच ये. तुझ्यावर व्हॅट नाही." बहीण होती म्हणून हसली. गिऱ्हाईक असतं तर पार्सल घेतलंच नसतं. विक्रीच्या मालाला तर तिथे 1 जानेवारी 2021 पासून 135 पौंडांपर्यंत व्हॅट विक्रेत्यानेच विक्रीच्या वेळी घ्यायचा असतो. मोठ्या बाजारपेठ-ॲपवरून विकलं तर ते ॲप घेतं. स्वतःच्या वेबसाइटवरून विकायचं, तर तिथे नोंदणी करणं आलं.

अमेरिकेने तर 2025 च्या ऑगस्टमध्ये सगळ्यांचीच परीक्षा घेतली. 800 डॉलरपर्यंतचं पार्सल तोवर बिनकराचं जात होतं. ती सवलत 29 ऑगस्टला संपली. त्याच्या दोन दिवस आधी भारतीय मालावरचा जादा कर 50 टक्क्यांवर गेला होता. तो कर गोळा कोणी करायचा याचाच पत्ता नसल्याने आपल्या टपाल खात्याने 25 ऑगस्टपासून तिकडची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं, ती सेवा 15 ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली. मधले सात आठवडे मोठ्या निर्यातदाराने वकिलाला विचारण्यात घालवले. छोट्याने गिऱ्हाइकाला 'सॉरी मॅडम' लिहिण्यात. दर पुढेही बदलत राहिले. म्हणून सगळी भिस्त एका देशावर टाकू नये, आणि आजचा दर बघून वर्षभराचा भाव छापू नये.

तिसरं, परतीचा माल. 'रंग फोटोत वेगळा दिसला' म्हणून पुण्याहून चादर परत आली तर शंभर-दीडशेत भागतं. टोरांटोहून परत आणायची तर जाण्याइतकंच भाडं पुन्हा, शिवाय आपला स्वतःचाच माल इथे आयात म्हणून सोडवायचा. यावर उपाय एकच. परत मागूच नये. पैसे द्यावे, टॉवेल तिकडेच राहू द्यावा. दहातला एक असा गेला तरी चालेल असा भाव ज्याला लावता येतो, त्यानेच बाहेर विकावं. ज्याला लावता येत नाही, त्याच्यासाठी अजून पुणे-मुंबई-हैदराबाद पडलं आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही.

पुढच्या आठवड्यात मुद्दाम पुन्हा कारखान्यात गेलो. चादरींचं काय झालं विचारलं. मुलीने न्यू जर्सीच्या बाईंना सरळ लिहिलं होतं, की भाडं चादरीहून महाग पडतंय, तुमच्याकडे भारतातून कोणी येणार आहे का? होत्या, कोथरूडच्या सासूबाई येणार होत्या! परदेशातल्या मराठी घरांची ही आपली जुनी कुरिअर सेवा, 23-23 किलोच्या दोन बॅगांची. भाजणी, मेतकूट, लोणच्याच्या बरण्या यांच्या शेजारी दोन सोलापुरी चादरींना जागा झाली. चादरी कोथरूडला गेल्या, साध्या पार्सलने.

आणि त्या बाईंनी जाता जाता आणखी एक विचारलं होतं, हात पुसायचे छोटे टॉवेल पाठवता का? 40 बाय 60 चा, शंभर-एकशेदहा ग्रॅमचा एक. सहाचा संच साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास. तो मात्र टपालाने जाणार होता.

मुलगी कोपऱ्यात लेबल शिवत होती. अमेरिकेत कापडावर धाग्याचं प्रमाण आणि देशाचं नाव लावावंच लागतं, म्हणून '100 टक्के सुती' आणि 'मेड इन इंडिया'. त्याच्यावर तिने आणखी एक ओळ विणून घेतली होती, सोलापूर.

"काय करालीस गं? एवढं कुणी सांगितलंय लावायला?" अण्णांनी विचारलं.

"कुणी नाही."

त्यांनी टॉवेल उलटापालटा करून पाहिला, लेबल अंगठ्याने चाचपलं आणि संच उचलून पुन्हा काट्यावर ठेवला.

"लेबलानं वजन किती वाढलं?"

"काहीच नाही, नान्ना."

"मग जाऊ दे," अण्णा म्हणाले, आणि लूमकडे गेले.