हिशेबाची वही : अक्कलदाढ आणि दोन देशांच्या गोळ्या

आपल्या डब्लिन-प्लेझंटनच्या मराठी घरांतून उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन गोष्टी हमखास घडतात. भारतातून आजी-आजोबा येतात, आणि कॉलेजला निघण्यापूर्वी मुलांच्या अक्कलदाढा काढून घ्यायचा बेत ठरतो. दोन्ही एकाच आठवड्यात आल्या की ओट्यावर औषधांचे दोन ढीग जमतात. एक इथल्या फार्मसीतला, केशरी बाटल्यांचा; दुसरा आजीच्या डब्यातला, चंदेरी पट्ट्यांचा. या वेळचा हिशेब या दोन ढिगांचा. मी डॉक्टर नाही, इंजिनिअर आहे. पण हा प्रश्न बराचसा बेरजेचा आहे, म्हणून लिहायचं धाडस करतो.

बेरीज चुकते ती नावांमुळे. तिकडे ज्याला पॅरासिटामॉल म्हणतात, त्यालाच इकडे ॲसिटामिनोफेन म्हणतात. क्रोसिन, डोलो, टायलेनॉल, सगळं एकच. इथल्या बाटलीवर तर कधी कधी नुसतं 'एपीएपी' असं छापलेलं असतं. ते म्हणजेही पॅरासिटामॉलच, हे कोणाच्या लक्षात येणार? दाढ काढल्यावर जी 'जोरकस' गोळी लिहून देतात, ती हायड्रोकोडोनची गोळी नुसत्या हायड्रोकोडोनची नसते. तिच्यातही साधारण ३२५ मिलिग्रॅम हेच औषध मिसळलेलं असतं. आणि आपली लाडकी कॉम्बिफ्लाम? तिच्यात ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल.

आता एक दिवस मांडू. मुलाने डॉक्टरांची हायड्रोकोडोनची गोळी सहा-सहा तासांनी घेतली : ४ गुणिले ३२५, म्हणजे १३००. मध्ये कळ आली म्हणून घरातली एक्स्ट्रा स्ट्रेंग्थ टायलेनॉल, डब्यावर लिहिलंय तेवढीच, दिवसात ६ गोळ्या : ३०००. आणि आजी म्हणाली, "अरे, सोसत काय बसलास, ही आपली घे, लगेच उतार पडतो," म्हणून तीन वेळा कॉम्बिफ्लाम : ९७५. एकूण ५२७५ मिलिग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसाला चोवीस तासांची कमाल मर्यादा ४००० आहे. शिवाय डॉक्टरांनी आयबुप्रोफेन ४०० दिवसातून चार वेळा सांगितलं असेल तर ते १६००, त्यात कॉम्बिफ्लाममधलं १२०० मिळवलं की २८००. दाताचे डॉक्टर वरची हद्द २४०० धरतात. गंमत बघा, प्रत्येकाने आपापल्या लेबलप्रमाणेच वागलंय! आमच्या धंद्यात याला म्हणतात, प्रत्येक सुटा भाग पास आणि अख्खं यंत्र नापास.

पॅरासिटामॉल जास्त झालं की यकृताला इजा होते, आणि वाईट हे की पहिल्या दिवशी फारसं काही जाणवतच नाही. उतारा आहे, ॲसिटिलसिस्टीन नावाचा, पण तो आठ तासांच्या आत मिळाला तर उत्तम काम करतो. म्हणून बेरीज मर्यादेबाहेर गेल्याचं लक्षात आलं की 'बघू या सकाळी' म्हणू नका. पॉयझन कंट्रोलचा नंबर १-८००-२२२-१२२२, फुकट, दिवसरात्र. माणूस बेशुद्ध असेल किंवा श्वास मंद वाटला तर मात्र सरळ ९११.

खरं म्हणजे त्या जोरकस गोळीची बहुतेकांना गरजच नसते. दाढ काढल्यानंतरचं दुखणं हे मुख्यतः जखमेच्या सुजेचं. आयबुप्रोफेन सूज आणणारी रसायनं तयार होण्याच्या जागीच आळा घालतं. हायड्रोकोडोन मेंदूला फक्त 'दुखत नाही' असं सांगतं. रटगर्स विद्यापीठाच्या पुढाकाराने अठराशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाला. आयबुप्रोफेन ४०० आणि ॲसिटामिनोफेन ५०० एकत्र घेणाऱ्यांना हायड्रोकोडोनवाल्यांपेक्षा कमी दुखलं, झोपही बरी लागली. अमेरिकन डेंटल असोसिएशनही आता पहिली पसंती याच साध्या औषधांना देते. तेव्हा डॉक्टरांना शस्त्रक्रियेच्या आधीच विचारा, "एवढ्यावर भागेल का?" पहिली गोळी भूल उतरण्याआधी घ्यायची की कसं, तेही तेव्हाच विचारून ठेवा. आयबुप्रोफेन रिकाम्या पोटी नको. मऊ वरण-भात किंवा पातळ खिचडी खाऊन घ्यावं. संकष्टीचा उपास त्या आठवड्यापुरता गणपतीबाप्पा माफ करतील. आणि तिसऱ्या दिवसानंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, ताप आला किंवा सूज वाढली, तर गोळ्या वाढवू नका. डॉक्टरांना फोन करा. जखमेतली गुठळी निसटली असेल किंवा पू झाला असेल, आणि त्याला गोळी हा उपाय नाही.

आजी-आजोबांची दाढ अचानक ठणकायला लागली तर हिशेब आणखी वेगळा. इथे दातांचं बिल ऐकून ठणका आपोआप थांबतो असं आजोबा म्हणतात, पण नेहमीच नाही थांबत. ते एकोस्प्रिन घेत असतील तर आयबुप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन असेल किंवा मूत्रपिंड नाजूक असेल तर तिथेही ताण येतो. मात्र एकोस्प्रिन आपल्या मनाने बंद करायची नाही. झोपेसाठी अल्प्रॅक्स घेत असतील तर हायड्रोकोडोनबरोबर ती अजिबात नको, दोन्ही मिळून श्वास मंदावतो. असं औषध रोजचं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवणं सगळ्यात सोपं. "बीपीची पांढरी गोळी" एवढ्याने इथल्या माणसाला काही कळत नाही.

आता उरलेल्या गोळ्या. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे औषध टाकून द्यायची सवय नाही. 'राहू दे, पुढे कोणाला लागेल' म्हणून बाटली न्हाणीघराच्या कपाटात जाते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २०१६ च्या पाहणीत दात काढलेल्या रुग्णांना सरासरी २८ ओपिऑइड गोळ्या मिळाल्या होत्या. तीन आठवड्यांनी त्यातल्या १५ शिल्लक होत्या. आणि आपल्या शेजारच्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात, १६ ते २५ वयाच्या ज्या मुलांना दाताच्या डॉक्टरांकडून पहिल्यांदा अशा गोळ्या मिळाल्या, त्यांच्यापैकी जवळजवळ ७ टक्के जणांनी पुढच्या वर्षभरात, तीन महिने उलटल्यावर, पुन्हा तसलंच औषध घेतलं होतं. ज्यांना त्या दिल्याच नव्हत्या, त्यांच्यात हे प्रमाण हजारात एक. 'आमची मुलं तसली नाहीत' हे वाक्य मी अनेक घरांत ऐकलं आहे. पण त्या आकड्यातली मुलंही कोणाच्या तरी घरातली सरळ मुलंच होती, दाढ दुखत होती एवढंच.

त्या बाटलीचं करायचं काय, याचं उत्तर आपल्याच काउंटीने दिलं आहे. डब्लिन ज्या अलामेडा काउंटीत येतं, तिने २०१२ साली कायदा केला की नको असलेली औषधं गोळा करून नष्ट करण्याचा खर्च औषध कंपन्यांनीच करायचा. देशात असा कायदा करणारी ही पहिली काउंटी. कंपन्यांच्या संघटनांनी कोर्टात धाव घेतली, २०१४ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील कोर्टात हरल्या, आणि २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांचं प्रकरण ऐकायलाच नकार दिला. पुढे २०१८ साली राज्यानेही तशाच धर्तीचा कायदा केला. म्हणजे औषधं परत घेणारी ही पेटी दुसऱ्याच्या पैशाने चालते. आपण फक्त तिथपर्यंत जायचं! कोणत्या फार्मसीत पेटी आहे ते फोन करून विचारून घ्या. शिवाय डी.ई.ए.तर्फे एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये औषधं परत घेण्याचे दिवस असतात. तोवर बाटली कुलपात ठेवा, गोळ्या मोजून. नेताना बाटलीवरचं नाव आणि प्रिस्क्रिप्शन नंबर जाड मार्करने खोडा. आणि आजी परत निघाली की तिच्या पट्ट्या तिच्याच बॅगेत भरून द्या, ती "असू दे गं, तुला उपयोगी पडतील" म्हणाली तरी.