जुन्या घोंगडीची तुमान

गेल्या पौषातली गोष्ट. आमच्या फडात ऊसतोड चालू होती. पहाटे मोटर चालू करायला गेलो, तर बांधावर पाल्याच्या अंथरुणावर आठ-नऊ महिन्यांचं लेकरू झोपवलेलं. अंगावर चादर होती, पण पायाने ती लाथाडलेली. दवाने पाला ओला. आई फडात कोयता चालवतेय. पोर रडलं तशी ती धावत आली. उचलून घेताना पोटरीवर रुपयाएवढा डाग दिसला. विचारलं, तर म्हणाली, "चुलीची ठिणगी उडाली, भाऊ. इजार नवीच होती, पर वितळून कातड्याला चिटकली."

ती विजार कुणीतरी थंडीत वाटलेल्या कपड्यांतली. देणाऱ्याची दानत चांगलीच होती, पण कापड कसलं देतोय हे त्याने पाहिलं नाही. अशा स्वस्त उबदार कपड्यांत बहुतेक नायलॉन, पॉलिस्टर नाहीतर ॲक्रिलिक असतं. विस्तव लागला की ते वितळतं आणि अंगाला चिकटतं. कोपीत चूल आणि लेकरू यांच्यात अंतर ते किती? चार हात. तिथं असलं कापड धोक्याचंच.

घरी आलो आणि माळ्यावरची जुनी घोंगडी काढली. मधे विरलेली, पण दोन्ही कडा अजून घट्ट. आमची आई असल्या घोंगडीतून लहान पोरांसाठी तुमान बेतायची. तेव्हा गरिबी म्हणून ते करत. आज शहाणपण म्हणून करावं, असं माझं म्हणणं आहे.

लोकर सहसा भडकत नाही. ठिणगी पडली तर तेवढाच भाग करपतो, केस जळाल्यासारखा वास येतो आणि विस्तव काढला की बहुधा विझतो. ती वितळून कातड्याला चिकटत नाही. दुसरं म्हणजे ओल. आपल्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओल लोकर पोटात घेते, तरी हाताला चटकन ओली लागत नाही. मेंढपाळ भर पावसात घोंगडीची खोळ घेऊन उभा राहतो तो काही उगीच नाही. लंगोट भिजलं तरी वरच्या तुमानीमुळे लेकराला गारठा कमी लागतो.

आता शिवायचं कसं? आधी घोंगडी कडक पाण्यात साबण घालून चांगली मळा, धोपटा. लोकरीच्या धाग्यावर बारीक खवले असतात, ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून जाड होतं. आपल्याकडचं जेन याच रीतीने जमतं. आटवल्याशिवाय कात्री लावू नका, नाहीतर शिवलेली तुमान पहिल्याच धुण्यात बाहुलीची होईल. चांगलं आटलेलं कापड कापलं तरी कडेला फारसं उसवत नाही. दोन पायांच्या मधे चौकोनी ठिगळ घाला, म्हणजे लंगोटाला जागा राहते आणि मांडीत शिवण रुतत नाही. कमरेला सैल नाडी. मशीनला जाड सुई आणि लांब टाका. मशीन ओढत नसेल तर हाताने शिवा. पुढे मात्र गार पाण्यातच धुवायची आणि सावलीत वाळवायची.

कुणी म्हणेल, घोंगडी बोचते. बोचते हे खरंच. दख्खनी मेंढीची लोकर भरड आहे, उघड्या कातड्याला ती लावूच नये. आतून जुन्या सुती लुगड्याचं नाहीतर धोतराचं अस्तर हवंच. आणि ऊन चढलं की तुमान काढायची, लेकराला उकडवायचं नाही.

दुसरीकडे याच लोकरीची काय दशा आहे ती बघा. एका मेंढीची वर्षाकाठी लोकर जेमतेम अर्धा-पाऊण किलो. वर्षातून दोनदा कातरावी लागते आणि कातरणीची मजुरीही त्यातून सुटत नाही. ओळखीचा एक मेंढपाळ म्हणाला, "दादा, लोकर आता मेंढीला जड आन् आमालाबी जड. कातरतो आन् बांधावरच टाकतो." चिंचोक्याची खळ लावून घोंगडी विणणारे सणगर गावोगावी होते. आता त्यांची पोरं दुसऱ्या धंद्याला लागली.

राज्यात पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या नावाचं मेंढी व शेळी विकास महामंडळ आहे. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ आहे. एकाच्या दारी लोकर पडून, दुसऱ्याच्या दारी लेकरू उघडं. दोघांनी एकत्र बसून बचत गटांना हे काम द्यायला काय हरकत आहे? गावोगावच्या शिवण क्लासांत झबलं-ब्लाऊज शिकवतात, त्यात ही एक तुमान वाढवा. कारखान्यांनीही हंगामाच्या तोंडाला टोळ्यांची नोंद करताना किती लेकरं सोबत आलीत तेवढं विचारावं आणि तितक्या तुमानी तयार ठेवाव्यात.

तोवर आपण बागायतदारांनी वाट बघत बसू नये. आपला ऊस तोडायला येणाऱ्या बाईचं लेकरू आपल्याच बांधावर निजतं. दिवाळीला माळा आवराल तेव्हा फाटकी घोंगडी उकिरड्यावर टाकू नका. एका घोंगडीत चार-पाच तुमानी सहज निघतात. आमच्या घरात पाच निघाल्या, त्यातली पहिली त्या लेकराच्या पायात गेली.