गाडीचं वय मोजायचं की तिचा धूर?

दिल्लीत जुन्या गाड्यांवर कारवाई झाल्याची बातमी आली, की मालेगाव, नांदेडपासून मुंब्र्यापर्यंतच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच प्रश्न फिरू लागतो. पंधरा वर्षं झाली, आता गाडी भंगारात घालावी लागणार का? काही जण घाबरून चांगली चालती गाडी मिळेल त्या भावाला देऊन मोकळे होतात आणि एजंट मंडळी या भीतीवर पैसे कमावतात. म्हणून आधी स्पष्ट सांगायला हवं, की महाराष्ट्रात खासगी गाडीवर निव्वळ वयामुळे सरसकट बंदी नाही. नोंदणीची पंधरा वर्षं संपल्यावर आरटीओत तपासणी करून ती पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवता येते आणि त्यानंतर पुन्हा पाच वर्षांसाठी.

मात्र बंदी नाही म्हणजे त्रास नाही, असं नाही.

दिल्लीत काय झालं?

राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ आणि २०१५ मध्ये दिल्ली परिसरासाठी आदेश दिले. डिझेल गाडी दहा वर्षांची आणि पेट्रोल गाडी पंधरा वर्षांची झाली, की ती रस्त्यावर नको. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केलं. नियम कागदावर कडक होता, पण अंमलबजावणी कधी होती तर कधी नव्हती. मग १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पेट्रोल पंपावर इंधनच द्यायचं नाही असं ठरलं आणि पंपांवर नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे बसले. लोकांचा संताप इतका झाला, की काही दिवसांतच ते पुढे ढकलावं लागलं. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वय बघून मालकांवर सक्तीची कारवाई करू नका असं सांगितलं. डिसेंबरमध्ये त्याच आदेशात दुरुस्ती झाली आणि हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतंच उरलं. बीएस-३ आणि त्याआधीच्या गाड्यांवर कारवाईचा रस्ता पुन्हा मोकळा झाला.

या शेवटच्या दुरुस्तीकडे नीट बघा. दहा वर्षं भांडण वयावर चाललं होतं. आता रेघ इंजिनाच्या दर्जावर ओढली गेली आहे. हा मोठा फरक आहे आणि माझ्या मते बरोबर दिशेने आहे. तरी त्यातही एक गोम आहे.

बीएस-४ चा नियम १ एप्रिल २०१० पासून देशातल्या फक्त तेरा शहरांत लागू झाला. आपल्याकडची त्यात तीन शहरं होती, मुंबई, पुणे आणि सोलापूर. बाकी देशात हळूहळू करत तो १ एप्रिल २०१७ ला सगळीकडे पोहोचला. म्हणजे २०१२ मध्ये सोलापुरात शोरूममधून निघालेली नवी गाडी बीएस-४ असणं सक्तीचं होतं, पण त्याच वर्षी नांदेड किंवा परभणीत बीएस-३ गाडी बिनदिक्कत विकता येत होती. नांदेडच्या माणसाने काही चूक केली नव्हती, शोरूममध्ये जे उभं होतं ते त्याने घेतलं. उद्या दिल्लीचा निकष इकडे आला तर एकाच वर्षी घेतलेल्या दोन गाड्यांपैकी शहरातली वाचेल आणि गावातली अडकेल.

असा निकष इकडे येणारच नाही असं समजू नका. मुंबईच्या हवेवरच्या सुनावणीत जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने कमी करता येतील का, याचा विचार करायला सांगितलं. त्यानंतर राज्य सरकारने निवृत्त सनदी अधिकारी सुधीरकुमार श्रीवास्तव यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली.

बंदी नाही, पण खिसा रिकामा

इकडे जुन्या गाडीवर दबाव येतो तो पैशाच्या मार्गाने. पूर्वी कारची नोंदणी वाढवायला सहाशे रुपये लागायचे. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या कारला ते पाच हजार झाले आणि दुचाकीला एक हजार. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळा दर आणला. कारला दहा हजार आणि दुचाकीला दोन हजार. त्यावर राज्याचा पर्यावरण कर येतो. पाच वर्षांसाठी पेट्रोल कारला तीन हजार, डिझेलला साडेतीन हजार आणि दुचाकीला दोन हजार.

म्हणजे २००५ ची मारुती ओम्नी घेऊन बाजारात माल पोहोचवणाऱ्या छोट्या दुकानदाराला सगळं धरून तेरा हजारांच्या पुढे मोजावे लागतात. ज्या गाडीला विकायला गेलं तर धड पन्नास हजार येणार नाहीत, तिच्यासाठी ही रक्कम हलकी नाही. पीयूसी, विमा आणि तपासणीआधी करावी लागणारी डागडुजी आणखी वेगळी. ज्याच्याकडे नवी गाडी घ्यायची ऐपत आहे त्याला हा दर फरक पडू देत नाही. ज्याच्याकडे नाही, तो भरतो किंवा कागदाविना गाडी चालवतो. दुसरा मार्ग किती जण धरतात, ते पोलिसांनाही माहीत आहे.

भंगार धोरणाची गाजरंही आहेत. नोंदणीकृत केंद्रावर गाडी मोडली तर प्रमाणपत्र मिळतं आणि नव्या खासगी गाडीच्या करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सूट द्यायची मुभा राज्यांना आहे. पण ही सूट नवी गाडी घेणाऱ्यालाच. जुनी मोडून पुन्हा सेकंडहँडच घेणाऱ्याच्या हाती फक्त लोखंडाचा भाव येतो.

पीयूसी नेमकं काय बघतं?

नवी गाडी पहिलं वर्ष पीयूसीतून मोकळी असते. त्यानंतर बीएस-४ आणि बीएस-६ गाडीचं पीयूसी एक वर्ष चालतं, त्याआधीच्या गाड्यांचं सहा महिने. आणि इथे एक गंमत आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते. परीक्षा सगळ्यांना सारखी नाही. पेट्रोल कार उभी असताना तिच्या सायलेन्सरमधून किती कार्बन मोनॉक्साइड यावा याची मर्यादा बीएस-४ ला ०.३ टक्के आहे, बीएस-२ आणि बीएस-३ ला ०.५ टक्के आणि त्याआधीच्या गाड्यांना तब्बल ३ टक्के. डिझेलचा फक्त धुराचा काळेपणा मोजतात. नायट्रोजनचे ऑक्साइड आणि श्वासातून थेट फुप्फुसात जाणारे बारीक कण या तपासणीत मोजलेच जात नाहीत. नव्या चकचकीत डिझेल एसयूव्हीचा फिल्टर बिघडला असेल, तरी ती सहज पास होऊ शकते.

आणि तपासणी प्रामाणिकपणे होते का? दिल्लीबाबतचा कॅगचा अहवाल एप्रिल २०२५ मध्ये विधानसभेत मांडला गेला. मर्यादेपेक्षा जास्त धूर असूनही एक लाखाहून अधिक गाड्यांना पीयूसी मिळाल्याचं त्यात नोंदवलं आहे. महाराष्ट्रात चित्र फार निराळं असेल असं मानायला कुणी तयार होईल, असं वाटत नाही. पीयूसी नसेल तर मोटार वाहन कायद्यात दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पण सव्वाशे रुपयांत विनातपासणी कागद मिळत असेल, तर या दंडाला भिणार कोण?

धूर मोजणारी यंत्रणा विश्वासाची नाही, म्हणून सरकार वयाकडे वळतं. वय मोजायला मशीन लागत नाही, लाच देऊन ते कमी करता येत नाही. हे खरं आहे. पण त्याची किंमत तो भरतो ज्याने गाडी नीट ठेवली.

काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा धडा

मुंबईने हे सगळं पंचवीस वर्षांपूर्वी पाहिलं आहे. १९९९ मध्ये स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरमची याचिका उच्च न्यायालयात आली, लाल समिती बसली आणि जुन्या टॅक्सींना सांगितलं गेलं, सीएनजीवर या नाहीतर बाहेर पडा. टॅक्सीवाल्यांनी कर्ज काढलं, किट बसवलं. गाडी तीच प्रीमियर पद्मिनी राहिली, इंजिनही तेच, पण काळा धूर गेला. शेवटी शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली ती वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे. त्याबद्दल हळहळ वाटणं ठीक आहे. मुद्दा असा, की इंधन बदलल्यावर जुनी गाडीही सुधारते हे याच शहराने करून दाखवलं आहे आणि त्या वेळी मोडून टाका याशिवाय दुसरा मार्गही दिला गेला होता. आज खासगी गाडीवाल्याला तो दुसरा मार्ग कुणी देत नाही.

उलट बाजूही बघायला हवी. गोवंडी, कुर्ला, भिवंडीत हमरस्त्याला लागून राहणाऱ्यांच्या घरात हा धूर रोज शिरतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गॅरेजमध्ये काम करणारी पोरं दिवसभर तोच ओढतात. जुन्या गाड्या सोडून द्या म्हणणं म्हणजे त्यांच्या फुप्फुसांकडे काणाडोळा करणं. वस्त्या त्याच, लोक तेच. एका खिशातून फी जाते आणि दुसऱ्यातून दवाखान्याचं बिल.

सवलत कुणाला?

कायद्यात जुन्या गाडीला उघड मान एकाच ठिकाणी आहे. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी २०२१ च्या नियमांनुसार विंटेज म्हणून नोंदवता येते. वीस हजार फी, दहा वर्षांची मुदत आणि नंबरमध्ये व्हीए ही अक्षरं. अट अशी, की ती रोज चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच.

हौशी श्रीमंतांची सोय म्हणून यावर टीका होते, पण यातला विचार चांगला आहे. गाडी कमी चालते म्हणून तिला सूट. मग हाच हिशेब दुसरीकडे का नको? आठवड्यातून एकदा अम्मीला दवाखान्यात नेणारी वीस वर्षांची वॅगनआर आणि दिवसाला दोनशे किलोमीटर पळणारी पाच वर्षांची डिझेल गाडी यात हवा जास्त कोण खराब करतं? आपल्या कुठल्याच फीमध्ये किलोमीटरचा रकाना नाही. लंडनने २०२३ मध्ये संपूर्ण शहरात दर्जा न पाळणाऱ्या गाड्यांवर दिवसाला साडेबारा पौंड लावले, पण रेघ इंजिनाच्या दर्जावर ओढली आणि ज्या दिवशी गाडी चालेल त्याच दिवशीचे पैसे घेतले. जुनी कार मोडणाऱ्या शहरवासीयांना दोन हजार पौंड दिले. तिथेही आरडाओरडा झालाच. पण नवी गाडी घेण्याची अट त्या पैशाला नव्हती.

तुमच्या घरी जुनी गाडी असेल, तर आरसी काढून आधी तिची नोंदणीची मुदत बघा आणि त्यावर उत्सर्जनाचा दर्जा लिहिला असेल तर तोही, नसेल तर एम-परिवहनवर शोधा. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून करता येतो. उशीर झाला तर कारला दरमहा पाचशे आणि दुचाकीला तीनशे रुपये जादा लागतात आणि ही रक्कम महिन्यागणिक वाढत जाते.