आपली पत्रं, त्यांचं कुलूप

मंडळी, आज जरा रुक्ष विषयावर लिहितोय. ईमेलवर. तरी शेवटपर्यंत वाचा, कारण परळ-लालबागमधल्या प्रत्येक चाळ कमिटीचा आणि सोसायटीच्या सेक्रेटरीचा याच्याशी थेट संबंध आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ज्या मेलबॉक्समधली पत्रं मला माझ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेता येत नाहीत, तो मेलबॉक्स माझा नाही. मी तिथे फक्त राहतोय, तेही भाडेपावतीशिवाय. आणि भाडेपावती नसली की काय होतं, हे परळच्या माणसाला मी काय सांगणार?

पूर्वी घरोघरी भिंतीवर तारेचा आकडा असायचा. गावाहून आलेलं इनलँड, मनीऑर्डरची पावती, मिलचं पत्र, सगळं त्यात टोचलेलं. पोस्टमनने पत्र हातात दिलं की त्याचा त्यावरचा हक्क संपला. उद्या पोस्ट ऑफिसला टाळं लागलं तरी आकड्यावरची पत्रं जागेवरच.

ईमेलही सुरुवातीला असाच होता. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं केलं. डायल-अपचा जमाना, फोनचं मीटर पळायचं. मग काय करायचं, तर लाइन जोडायची, आउटलुक एक्सप्रेस नाहीतर युडोरामध्ये मेल उतरवायचे, लाइन तोडायची आणि निवांत वाचत बसायचं. गावाकडे तालुक्याच्या पेपरात असताना आम्हीही बातम्या टाइप करून ठेवायचो आणि लाइन लागली की एकदम पाठवायचो. मेल उतरवण्याच्या या पद्धतीचं नाव पॉप. पूर्ण नाव पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल! नावातच पोस्ट ऑफिस आहे बघा.

मग फुकटचे वेबमेल आले. १९९६ मध्ये सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांचं हॉटमेल, मागोमाग याहू, आपल्या मुंबईचं रेडिफमेल. सायबर कॅफेत बसा, पान उघडा, मेल वाचा. सोय झाली, नाकारत नाही. पण फुकटची मेख अशी की पान उघडलं तरच जाहिरात दिसते. मेल घरच्या कॉम्प्युटरवर उतरवला की जाहिरात गेली. म्हणून एप्रिल २००२ मध्ये याहूने पॉपची फुकट सोय काढून घेतली आणि वर्षाला सुमारे ३० डॉलर लावले. २००४ मध्ये हॉटमेलनेही नव्या फुकट खात्यांना आउटलुकमधून मेल वाचणं बंद केलं.

यावर काही प्रोग्रामर मंडळींनी तोडगा काढला. याहूपॉप्स, फ्रीपॉप्स, थंडरबर्डसाठीचं वेबमेल एक्स्टेन्शन. ही सॉफ्टवेअरं तुमच्याच कॉम्प्युटरवर एक छोटं नकली पोस्ट ऑफिस उभं करायची. थंडरबर्डने मेल मागितले की ते तुमच्या नावाने वेबसाइटवर लॉगिन करायचं, एकेक पान वाचायचं, त्यातून पत्राचा मजकूर वेगळा काढायचा आणि हातात द्यायचं. कंपनीने पानाची रचना बदलली की सगळं बंद. मग कुणीतरी फावल्या वेळात दुरुस्त करायचं, पुन्हा चालू. स्वतःचीच पत्रं स्वतःच्याच खोलीतून खिडकीवाटे काढण्याची ही कसरत!

पुढे काय झालं? जीमेलने नोव्हेंबर २००४ पासून पॉप फुकट दिलं, २००७ मध्ये आयमॅपही दिलं. २००९ मध्ये हॉटमेलनेही पॉपचं दार उघडलं. म्हणजे अडचण तंत्राची कधीच नव्हती. दार बंद ठेवणं हा धंद्याचा निर्णय होता, आणि स्पर्धा आली तसा तो बदलला.

मग आज हे कशाला उकरून काढतोय? कारण सगळा कारभार मोबाइलवर आल्यापासून मेल उतरवून ठेवायचा असतो, हेच आपण विसरलो. इथल्याच एका इमारतीचं सांगतो, नाव नको. पुनर्विकासाचा सगळा पत्रव्यवहार एका फुकट खात्यावर. जुने सेक्रेटरी गेले, त्यांचा मोबाइल नंबर बंद झाला, ओटीपी कुठे येणार? बिल्डरने काय कबूल केलं होतं, कुणी कधी हरकत घेतली होती, सगळं त्या खात्यात अडकलं. बिल्डरच्या ऑफिसात मात्र त्याच पत्रांची फाइल व्यवस्थित लावलेली. आता सांगा, वाटाघाटीला बसताना कोणाचं पारडं जड?

आणि खातं वापरात नसेल तर ते कायम राहीलच असंही नाही. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचा नियम गूगलने डिसेंबर २०२३ पासून लागू केलाय. म्हणजे आकड्यावरची पत्रं पोस्टमन येऊन परत घेऊन जाणार.

कुणी म्हणेल, हे सुरक्षेसाठी आहे. अर्धं मान्य. परक्या सॉफ्टवेअरला आपला पासवर्ड देणं धोक्याचंच, आणि त्या जुन्या नकली पोस्ट ऑफिसांतही तो धोका होताच. म्हणूनच मे २०२२ अखेर जीमेलने नुसत्या पासवर्डवर चालणारे बाहेरचे प्रोग्राम बंद केले. पण नव्या पद्धतीने परवानगी देऊन थंडरबर्ड आजही जीमेलला जोडता येतो. कुलूप बदला हो, पण किल्ली भाडेकरूलाही द्या!

कुणी म्हणेल, स्वदेशी वापरा. जरूर वापरा. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी आपण झोहो मेलवर गेल्याचं जाहीर केलं, तेव्हा आपल्याकडेही लगेच सल्ले सुरू झाले. पण झोहोच्या व्यावसायिक मेलच्या फुकट योजनेत पॉप आणि आयमॅप नाही. वेबसाइट आणि त्यांचं अॅप, बस्स. मालक देशी असो की परदेशी, पत्रं बाहेर नेता येतात का, हा प्रश्न आधी विचारा.

आणि सरकारकडे मागणी एकच हवी. ज्या देशात नोटिसा, पावत्या, हॉस्पिटलचे रिपोर्ट ईमेलवर येतात, तिथे प्रत्येक मेल सेवेने, फुकट असो वा विकतची, ग्राहकाला त्याची पत्रं चालू पद्धतीने उतरवून द्यायलाच हवीत. मेहेरबानी म्हणून नको, नियम म्हणून.

तोपर्यंत आपल्या हातात आहे ते करा. येत्या रविवारी कमिटीच्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड टाका, फुकट आहे. खातं जोडा. नुसतं आयमॅप जोडून थांबू नका, कारण तिकडून मेल उडाला की इकडूनही उडतो. महत्त्वाची पत्रं 'लोकल फोल्डर्स'मध्ये कॉपी करा. जीमेल असेल तर गूगल टेकआउटमधून सगळा साठा एकदम फाइलमध्येही मिळतो. एक प्रत पेनड्राइव्हवर, आणि पेनड्राइव्ह सेक्रेटरीच्या खिशात नको, सोसायटीच्या कपाटात.

पटलं तर आपापल्या कमिटीच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली भांडा, मी आहेच.